काचेच्या पेटीची वही

११ जून २००१

आज बोर्ड लागला. 'इंटरनॅशनल अकादमी फॉर बायोमेडिकल इंजिनिअर्स, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर.' बोर्ड आठ फुटी आणि आत मशीन एक, तेही बंद. पोरं नऊ. मेहुणा वीरेश सहा वर्षं आयर्लंडला दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करत होता, त्याला आता इंटरनॅशनल म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. मी म्हटलं, आधी पेठ वडगावपर्यंत तरी नाव जाऊ दे. तर म्हणतो, "दाजी, तुम्ही पाना धरा, नावाचं मी बघतो."

शेड भाड्याची. शेजारी फौंड्री, त्यामुळं बाकावर सकाळी पुसलं की दुपारी काळी धूळ. शेजारचा मालक विचारून गेला, "हितं डाक्टर तयार करणार काय?" म्हटलं, डॉक्टर नव्हं, डॉक्टरची मशीनं ज्यांच्यामुळं चालतात ती माणसं. त्याला कळलं नाही. कुणालाच कळत नाही.

चौदा वर्षं सरकारी दवाखान्यात मशीनं सांभाळली. गोदामात सात मशीनं मेलेली पडलेली. त्यात एक पेटी होती, कमी दिवसांची बाळं ठेवतात ती काचेची, तिचा फक्त फ्यूज गेलेला. फ्यूज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. पण परवानगीशिवाय हात लावायचा नाही असा कागद होता आणि सही तीन महिने आली नाही. तेवढ्यात जयसिंगपूरकडच्या एका बाईचं बाळ दुसऱ्या दवाखान्यात न्यायच्या वाटेवर गेलं. मी राजीनामा दिला. तो राग अजून आहे. माझ्यावर नाही, त्या कागदावर.

२ सप्टेंबर २००२

दुसरी बॅच बावीस पोरांची. तीच पेटी लिलावात घेतली, फ्यूज बसवला, चालू झाली. अर्धा तास मी तिच्याकडं बघत बसलो आणि मनातल्या मनात सही न देणाऱ्या त्या साहेबाला शिव्या दिल्या.

पहिल्याच दिवशी नियम सांगितला. प्रत्येक मशीनला एक वही. जो हात लावेल तो लिहील. तारीख, वेळ, काय बघितलं, काय केलं, सही. मराठीत. इंग्रजीत लिहायला लावलं की पोरं पुस्तकातलं पाठ केलेलं लिहितात, बघितलेलं लिहीत नाहीत. वीरेशला हे पटत नाही. न पटू दे.

एक मुलगी आहे, दीप्ती. पेठ वडगावची, वडील बाबासो तिथंच मास्तर. बौद्ध समाजातली. मी कुणाची जात विचारत नाही, वीरेशनं फॉर्म बघून सांगितलं. कान तिखट आहे पोरीचा. पेटीचा पंखा नुसता ऐकला आणि म्हणाली, "सर, बेअरिंग जायला लागलंय." उघडून बघितलं, खरंच. मी म्हटलं, बरोबर आहे, पण सरांच्या आधी बोलायचं नसतं. ती म्हणाली, "मग पंखा बंद पडल्यावर बोलू काय?" पोरं हसली. मीही हसलो असतो, पण शिस्त म्हणून काही असतं.

१८ ऑगस्ट २००३

पत्र आलं. ज्या परदेशी संस्थेकडं वीरेश दोन वर्षं खेटे घालत होता, त्यांची परीक्षक बाई १४ ऑक्टोबरला येणार. एक मशीन ती निवडणार, त्याची वही तपासणार आणि पोरांना प्रश्न विचारणार. पास झालो तर आमचं प्रमाणपत्र अकरा देशांत चालेल आणि पुण्या-मुंबईची मोठी हॉस्पिटलं पोरं घेतील. नापास झालो तर तिसरी बॅच भरत नाही. आठ पालकांनी तोंडावर सांगितलंय, दिवाळीपर्यंत मान्यता दाखवा, न्हाईतर आम्ही पोरं काढतो. म्हणजे मार्चमध्ये कुलूप आणि मी परत कुणाच्या तरी गोदामात.

शिवलीलाला सांगितलं. माझी बायको, निपाणीकडची, एरवी बडबडी. ती म्हणाली, "तुम्ही चिडू नका फक्त. बाकी सगळं होतंय." मी चिडतो कुठं?

४ ऑक्टोबर २००३

खंडेनवमी. मुद्दाम जोरात केली. मल्टीमीटर, पाने, सोल्डरिंग गन रांगेनं मांडली, झेंडूच्या माळा घातल्या. पेटी मधोमध, कारण परीक्षक बाईंना तीच दाखवायची. पालक आलेले. हळदकुंकू लावलं, नारळ मी स्वतः फोडला आणि पाणी पेटीवर चारी बाजूंनी शिंपडलं. आमचे वडील ट्रकवर असंच शिंपडायचे, कधी ट्रक वाटेत बंद पडला नाही.

दीप्ती पूजेत नव्हती. शेडमध्येच होती, भिंतीकडच्या बाकावर वह्या घेऊन. नसेल यायचं तर नको येऊ दे, मी कुणावर बळजबरी करत नाही. पण गप तरी बसावं. नारळ फुटला आणि ही उठून पुढं आली. "सर, सेन्सरच्या सॉकेटवर पाणी जातंय. पुसून घेतो, फडकं द्या." ऐन पूजेत, सगळ्यांदेखत. टाळकंच सटकलं. म्हटलं, "तुमच्यात नसतं म्हणून आमच्यात खोडा घालू नकोस. बस जाग्यावर."

बसली. काहीतरी लिहीत राहिली. नंतर प्रसाद दिला तो घेतला, म्हणजे मनाला लावून घेतलेलं नसावं. पूजा मात्र झकास झाली. वीरेशनं फोटो काढले.

९ ऑक्टोबर

रंगीत तालीम घेतली आणि डोकं बधिर झालं. पेटीच्या आकड्यावर छत्तीस अंश. मी सवयीनं आत पाऱ्याचा थर्मामीटर ठेवला. अर्ध्या तासानं बघतो तर एकतीस.

पाच अंश. आत बाळ असतं तर ते निळं पडलं असतं आणि नर्स आकडा बघून निवांत बसली असती. बंद पेटी परवडली, ती निदान खोटं बोलत नाही. आज पाच दिवस राहिलेत आणि कुणीतरी माझ्या पेटीचं वाटोळं केलंय.

१० ऑक्टोबर

सापडलं. वही उघडली. ३ ऑक्टोबर, दुपारी चार : 'सेन्सर काढून तपासला, परत बसवला. वाचन बरोबर.' सही दीप्तीची. शेवटचा हात तिचा. पुढचं पान उलटायची गरजच नव्हती.

सगळ्यांसमोर उभी केली. म्हटलं, परत बसवताना काय केलंस? ती म्हणाली, "सर, ती नोंद तीन तारखेची हाय. पुढचं वाचा की." म्हटलं, मला वाचायला शिकवू नकोस. ती म्हणाली, "मी शिकवत न्हाई. मी नुसतं वाचा म्हणतोय." उलट उत्तर, तेही ह्या वेळी. मी सांगितलं, परीक्षा होईपर्यंत शेडमध्ये पाय ठेवायचा नाही.

तिनं पिशवी उचलली, टेस्टर माझ्या टेबलावर ठेवला, तो अकादमीचा होता, आणि गेली. रडली बिडली नाही. रडली असती तर मी थांबवली असती.

११ ऑक्टोबर

सेन्सर नवा बसवला. आकडा छत्तीस, आत एकतीस. हीटर तपासला, चांगला. पंखा चांगला. सबंध दिवस गेला. संध्याकाळी घरी ताटावर बसलो तर शिवलीला हळूच म्हणते, "त्या दिवशी ती पोरगी माझ्याकडं पण फडकं मागाय आलती. मी दिलं न्हाई. तुम्ही आणि बोलला असता." म्हटलं, तुला मशीनमधलं काय कळतंय? ती म्हणाली, "मला कळत न्हाईच. तिला कळतंय असं तुम्हीच सांगत होता की." जेवण अर्धवट टाकून उठलो.

१२ ऑक्टोबर

सॉकेट उघडलं. आत मुंग्या.

लाल, बारीक, सॉकेटच्या पिनांभोवती गोळा झालेल्या. पिना हिरव्या पडलेल्या आणि बोट लावलं तर चिकट. नारळाचं पाणी. वाळलं, साखर आत राहिली, तिनं ओल धरली, त्यातून करंट झिरपत राहिला. मशीनला वाटतं आत ऊब आहे, म्हणून ते हीटर कमी करतं. दुसऱ्या वर्षाचा धडा आहे हा. मी शिकवतो. चौदा वर्षं मी नर्सांवर ओरडलो की मशीनवर चहाचा कप ठेवू नका.

मग वहीचं पान उलटलं. '४ ऑक्टोबर, ११.२०. नारळाचे पाणी सेन्सरच्या सॉकेटवर पडले. सरांना सांगितले. पुसू दिले नाही. तपासल्याशिवाय पेटी वापरू नये.' खाली लाल रेघ. सही.

तिनं मला ओरडून सांगायला हवं होतं. नीट समजावून सांगायला हवं होतं, पूजा झाल्यावर एकटं गाठून. एवढी हुशार आहे तर एवढंही कळू नये? आणि वहीत 'पुसू दिले नाही' लिहायची काय गरज? नुसतं 'पुसले नाही' लिहिलं असतं तर चाललं असतं.

१३ ऑक्टोबर

सॉकेट स्पिरिटनं धुतलं, पिना बदलल्या, गरम हवेनं सुकवलं. आकडा छत्तीस, थर्मामीटर छत्तीस. तीनदा बघितलं.

वीरेशला पान दाखवलं. त्यानं एकदा वाचलं आणि म्हणाला, "फाडा." म्हटलं, पानांना नंबर आहेत. "मग वहीच नवी करू. चार पोरं बसवली तर दुपारपर्यंत उतरून निघती." मी त्याच्या हातातून वही ओढून घेतली. म्हटलं, ह्या शेडमध्ये काय वाट्टेल ते होईल, वहीतलं पान फाटणार नाही. मशीनची वही खोटी झाली तर आपल्यात आणि त्या गोदामात फरक काय राहिला? खूप बोललो. वीरेश खाली मान घालून ऐकत होता. बरं वाटलं.

दीप्तीला निरोप धाडावा असं एकदा वाटलं. पण उद्याची गडबड. नंतर बघू.

१४ ऑक्टोबर

झाली परीक्षा.

बाईंचं नाव मिसेस ओल्सेन. साठीच्या, आखूड केस, पायात साध्या चपला. हारतुरे नको म्हणाल्या. सरळ पेटीपाशी गेल्या आणि पिशवीतून स्वतःचा थर्मामीटर काढून आत ठेवला. तो तापेपर्यंत पोरांना प्रश्न विचारले, पोरांनी झकास उत्तरं दिली. आकडा जुळला. मग वही मागितली.

एकेक पान बघत गेल्या. लाल रेघेपाशी थांबल्या. हे काय आहे, म्हणून विचारलं. वीरेश माझ्या आधी बोलला. इंग्रजीत म्हणाला, सण होता, सणानंतर एका विद्यार्थिनीनं मशीन पुसून घेतलं, त्याची नोंद आहे, नेहमीचंच. बाई म्हणाल्या, फार छान, ही विद्यार्थिनी कुठं आहे? वीरेश म्हणाला, आजारी आहे.

मी तिथंच उभा होतो, दोन हातांवर. मला इंग्रजी ऐकून कळतं पण बोलता येत नाही, असं आता लिहिणार होतो. बोलता येतं. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली.

जाताना हात मिळवला. म्हणाल्या, मान्यतेची शिफारस करते. पोरांनी वीरेशला खांद्यावर घेतलं. शेजारच्या फौंड्रीवाल्यांना पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

१६ ऑक्टोबर

पेढ्यांचा बॉक्स घेऊन पेठ वडगावला गेलो. झालं गेलं विसरून पोरीला परत न्यायची, एवढा मोठेपणा दाखवायला पाहिजे म्हणून.

बाबासोंचं घर स्वच्छ, पुस्तकं पुष्कळ. त्यांनी चहा केला. मी घेतला आणि घेताना म्हटलं, "आम्ही लिंगायत, आमच्यात असलं काही मानत नाहीत, मास्तर. बसवण्णांनी ते कधीच मोडलंय." बाबासो म्हणाले, "सर, चहाचं राहू द्या. पोरगी का घालवली ते सांगा."

मी सांगितलं, गैरसमज झाला, मान्यता मिळाली, आता सगळं ठीक आहे. दीप्ती आतल्या दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मी काय लिवलंतं ते बाईंना सांगितलंसा का?"

म्हटलं, वीरेशनं सांगितलं. "काय सांगितलं?" मी पेढ्यांचा बॉक्स पुढं सरकवला. "तुम्ही तिथं हुतासा?" म्हटलं, होतो. ती म्हणाली, "मग मी येत न्हाई. माझी सही असल्याली नोंद तुम्ही खोटी पाडली. त्या मान्यतेचं प्रमाणपत्र मी घेऊन काय करू?"

बावीस पोरांच्या पोटावर पाय आणायचा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ह्यातली पोरं अकरा देशांत जाणार. तिकडं पेटीत खरी बाळं असणार. हितं शिकल्यालंच तिकडं करणार की सर."

एसटीत येताना मांडीवर पेढे. कंडक्टर म्हणाला, "पावणं, पास झालं का कोण?" त्याला बॉक्स देऊन टाकला.

१९ ऑक्टोबर

तीन दिवस सगळ्यांवर ओरडतोय. वीरेशवर, पोरांवर, घरी रिकाम्या गॅस सिलिंडरवर. त्या पोरीवर सर्वांत जास्त. आरामात घरात बसून तत्त्व सांगायला काय जातं? अकादमी मी उभी केली. धूळ मी पुसली. तिचं काय जातंय?

शिवलीला म्हणाली, "तिचं वर्षभराचं शिक्षण जातंय. तुम्ही मोजत न्हाई म्हणून सांगितलं."

आज रविवार. शेडमध्ये एकटाच गेलो आणि बाईंना पत्र लिहिलं. मशीनमध्ये बिघाड होता, विद्यार्थिनीनं वेळेवर नोंदवला होता, पूजेत मी दुर्लक्ष केलं, तिलाच शिक्षा केली, आणि तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं तेव्हा मी गप्प बसलो. चार वेळा लिहिलं. चौथ्यांदा 'चुकीचं सांगितलं गेलं' खोडून 'खोटं सांगितलं' केलं.

२१ ऑक्टोबर

वीरेशला पत्र वाचून दाखवलं. त्यानं पत्र घडी करून परत दिलं. मग म्हणाला, "दाजी, सहा वर्षं परक्या देशात काढली ती हे बघायला?" किल्ल्या टेबलावर ठेवून गेला. त्याचाही राग मला कळतो, हेच वाईट आहे.

मग वडगाव. बाबासो शाळेत होते. दीप्तीनं ओट्यावर बसून पत्र वाचलं, दोनदा. तिला बरं वाटेल अशी माझी खात्री होती. तिनं पत्र परत दिलं. "ह्यात कारण न्हाई."

म्हटलं, आहे की, पूजेत दुर्लक्ष झालं, स्वच्छ लिहिलंय. "सर, दुर्लक्ष कशामुळं झालं? तुम्हीच शिकवलंय, फ्यूज गेला म्हणून लिवायचं न्हाई, कशानं गेला ते लिवायचं." मी म्हटलं, गडबड होती, पालक होते. ती म्हणाली, "त्यांच्यातलं कोण पुढं येऊन पाणी जातंय म्हणालं असतं, तर तुम्ही थांबला असता. मी म्हणालो तवा तुम्ही काय म्हणालासा?"

मी म्हटलं, त्याचा मशीनशी संबंध नाही.

ती म्हणाली, "तेवढ्याच्यामुळंच तुम्हाला ऐकू आलं न्हाई."

एवढी चीड आली की उठून निघालो. चावडीपर्यंत गेलो. तिथं उभा राहिलो. उत्तर शोधत होतो, तिला तोंडावर मारावं असं एक उत्तर. चौदा वर्षं मशीनं उघडली, कुठल्या मशीनसमोर असा उभा राहिलो नव्हतो. पोस्ट ऑफिसच्या फळीवर पत्र उघडून खाली कारण लिहिलं. 'ती बौद्ध आहे, पूजा करत नाही, म्हणून मी तिचं ऐकलं नाही.' पाकीट तिथंच टाकलं.

परत जाऊन तिला सांगितलं. विचारलं, आता येशील? म्हणाली, "उत्तर येऊ द्या."

१० नोव्हेंबर

फॅक्स आला. शिफारस मागे घेतली. एक वर्षानं पुन्हा अर्ज करावा, तोवर मान्यता नाही. खाली बाईंनी हातानं एक ओळ लिहिली आहे, पुढच्या तपासणीला ती विद्यार्थिनी तिथं असावी.

फॅक्स नोटीस बोर्डावर लावला. दुपारपर्यंत आठ पालकांनी पोरं काढली. एक जण म्हणाला, "सर, गप बसला असता तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, काही नाही, आकडा छत्तीसच दाखवत राहिला असता. तो निघून गेला. वडगावला फोन करून बाबासोंना फॅक्स वाचून दाखवला.

११ नोव्हेंबर

सकाळी आठला गेलो तर दीप्ती दारात उभी. म्हटलं, चल आत. ती म्हणाली, "मला सगळ्यांच्या समोर उभी केलतासा."

म्हणून सगळ्यांना उभं केलं. तेरा पोरं, आणि ती. मी सांगितलं, खंडेनवमीला काय झालं, मी तिला काय बोललो, वहीत काय होतं, मी ते का वाचलं नाही आणि बाईंसमोर मी मान हलवली. 'तुमच्यात नसतं' हेही जसंच्या तसं बोललो. शेजारी फौंड्रीचा हातोडा चालू होता तेवढाच.

दीप्ती खाली बघत होती. मला वाटलं काहीतरी बोलेल, बरं आहे सर म्हणेल, जाऊ द्या म्हणेल. तिनं पिशवी ठेवली, पेटीपाशी गेली, सॉकेट उघडलं, बॅटरी लावून आत बघितलं, बंद केलं.

मी विचारलं, चालू करू?

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी बघून सांगतो."

मी थांबलो.